देवाच्या खोलीतला फ्यूज

आमच्या गल्लीत लाईट गेली की लोक आधी बाहेर डोकावून बघत. सगळीकडेच गेली असेल तर हातपंखा घेऊन ओट्यावर बसत. आपल्याच घरची गेली असेल तर शेवंताकाकीला हाक मारत.

"ओ काकी, आमचा फ्यूज उडला वाटते!"

काकी हातातलं काम टाकून यायची. पदर कमरेला खोचलेला, पायात जाड प्लास्टिकची चप्पल, मुठीत तारेचं भेंडोळं. ती चप्पल खास या कामाची होती, एरवी खिळ्याला टांगलेली असायची. काकी स्टूल मागायची, मेन स्विचचा दांडा खाली ओढायची आणि पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसून काढायची. जळकी तार नखाने उकरायची, नवी दाताने सोलायची, दोन स्क्रूंमध्ये ताणून बांधायची. फ्यूज परत बसवताना न चुकता म्हणायची, "घे रे बा नाव देवाचं." घरात उजेड झाला की उतरून सरळ चालू पडायची. चहाला थांबायची नाही.

"काकी, बसा न घडीभर."

"बसली तर मिस्त्री झाली मी. मग पैसे द्यावं लागन मले," असं म्हणून हसायची.

बाईमाणसाने असलं काम शिकावं असं तिच्या आयुष्यात काही नव्हतं. माहेर खैरलांजीकडचं, धानाच्या शेतीतलं. नवरा टिकाराम राइस मिलमध्ये तोलाईवर. ती हे शिकली ते घरच्या देवापायी.

बालाघाटच्या जुन्या वस्तीत त्यांचं कवेलूचं, कौलारू घर. टिकारामकाकांनी रस्त्याच्या बाजूने स्लॅबच्या दोन खोल्या वाढवल्या, तेव्हा आधीची पुढची खोली घराच्या पोटात गेली. तिला खिडकी उरली नाही. अंधारी, थंड, शांत खोली म्हणून देव तिथे आणून बसवले. पण घराचा बिजलीचा बोर्डही त्याच भिंतीवर होता, देवांच्या बरोबर वर. मीटर पुढे वीजवाल्यांनी बाहेर भिंतीवर नेलं. लोखंडी मेन स्विच आणि तीन फ्यूज मात्र आतच राहिले.

आणि त्यांच्या कुळाचा नेम असा, की देवाच्या खोलीत बाहेरच्या माणसाने पाय टाकायचा नाही. घरची लेकसुद्धा लग्न होऊन गेली की उंबऱ्यापर्यंतच. सून आली की तिच्या हातून नव्या तांदळाचा निवद दाखवतात, त्याला देवात घेणं म्हणतात. तेव्हापासून ती त्या खोलीची. म्हणजे बिजलीवाला आत जाऊच शकत नव्हता. फ्यूज उडाला की टिकारामकाका स्वतः बांधत आणि काकी बॅटरी धरून उभी राहत असे. काका गेले, त्यानंतर पहिल्यांदा घरात अंधार झाला तेव्हा लोकेश, तिचा एकुलता एक मुलगा, शाळेत होता. झटका लागू नये म्हणून काकीने लाकडी पाट भिंतीला लावला, कारण देवाच्या खोलीत चप्पल चालत नाही, आणि पाटावर चढून फ्यूज स्वतःच बांधला. मग शेजारणीचा बांधला. मग गल्लीचे.

लोकेश मोठा झाला, वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये लागला. रोज मोटरसायकलने जातो-येतो. त्याच्या लग्नात दीपिका आली. गोंदियाकडची, बोलायला मोकळी, मराठी निम्मी आणि हिंदी निम्मी. तिने मोबाइलवर बघून केक शिकला. आधी कुकरमध्ये, मग एक ओव्हन घेतला आणि ऑर्डरी घेऊ लागली. केकात अंडं घालायची नाही. "घरात देव आहे न, आई," म्हणायची. दही, दूध-पावडर घालून करायची आणि तेवढाच मऊ करायची.

काकीला त्या ओव्हनचं फार कौतुक. मोढा घेऊन समोर बसायची आणि काचेतून बघायची.

"फुगला का व?"

"आई, उघडू नका, बसते तो!"

"मी कुठं उघडते. मी पाहून राह्यली."

पण ओव्हन सुरू झाला की फ्यूज उडायचा. जुनी वायरिंग, लाकडी पट्टीवर खिळलेली, दोन दिवे आणि एका पंख्याच्या हिशेबाची. त्यात कूलर, फ्रिज, इस्त्री आणि वर हा ओव्हन. अर्धा फुगलेला केक अंधारात बसून जायचा. काकी पाटावर चढायची, तार बांधायची, आणि तोवर केकाचा दगड झालेला असायचा.

एकदा भरवेलीहून एका लेकराच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर होती. सकाळपासून दोन केक बसले. दीपिका जमिनीवर बसून रडायला लागली. "आता त्या लोकांले काय तोंड दाखवू मी?"

काकीला ते बघवलं नाही. मागच्या अंगणात विहिरीची जुनी मोटार गंजत पडली होती. तिच्या केबलचा तुकडा काकीने विळ्याने कापला. आतली तांब्याची तार चांगली काडीएवढी जाड निघाली. ती घेऊन काकी आत गेली आणि फ्यूजमध्ये बांधून टाकली.

"आता उडून दाखव म्हणा त्याले!"

फ्यूज उडाला नाही. केक फुगला. दीपिकाने पिठाचे हात तसेच काकीच्या गळ्यात टाकले. "आई, तुमच्या हाताले जादू हाय!"

हे काकीने मला पुढे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मले कोणं असं कधी म्हटलंच नव्हतं व. लय गोड वाटलं." गोड वाटलं म्हणून मग तिने गल्लीतही ज्याचा फ्यूज घडीघडी उडायचा, त्याला तीच जाड तार बांधायला घेतली. "मजबूत करून देते," म्हणायची. आम्हालाही बरंच वाटलं. उठबस वाचली.

या उन्हाळ्यात, ऐन दुपारी, त्यांच्या देवाच्या खोलीत आग लागली.

कूलर चालू होता, ओव्हन चालू होता. दीपिकाला आधी प्लास्टिक जळल्याचा वास आला, मग काकीला धूर दिसला. बोर्डापासून छतापर्यंत गेलेली लाकडी पट्टी पेटली होती आणि ठिणग्या खाली देवांवर बांधलेल्या कापडी चांदव्यावर पडत होत्या. काकीने मुसळाने मेन स्विचचा दांडा खाली पाडला. तोवर चांदव्याने आग धरली होती.

हाक ऐकून आम्ही सगळे धावलो. बादल्या भरून आणल्या. आणि देवाच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबलो. आत आग, समोर पाणी, मध्ये एक उंबरा, आणि कोणी ओलांडेना. कुणाच्या देवाची खोली आपण कशी बाटवायची? बादल्या उंबऱ्यावरून आत सरकवल्या जात होत्या आणि आत त्या घेणाऱ्या दोघीच, काकी आणि दीपिका. दीपिकाने देवांचा पाट उचलून पोटाशी धरला. वरून जळता चांदवा तिच्या उजव्या हातावर पडला. तिने पाट सोडला नाही. देव बाहेर आणून तांदळाच्या कोठीवर ठेवले आणि मगच हाताकडे बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली होती.

आग विझली. लोकेश यायचा होता. लोक पांगले. काकी ओल्या, काळ्या झालेल्या खोलीत एकटी उभी होती. तिने पाट लावला आणि मधला फ्यूज ओढून काढला. चिनी माती कोळशासारखी झाली होती आणि तिच्यात ती तार होती. जशीच्या तशी. भिंतीतली, छतावरची, सगळी वायर जळली, पट्टी जळली, आणि जी जळायलाच लावलेली असते ती मात्र धड राहिली.

काकीला सगळं समजलं. तार बारीक असती तर ती तुटली असती, घरात अंधार झाला असता आणि एक केक बसला असता. एवढंच.

तिने फ्यूज पदरात धरला. देव परत बसवताना तो कलशामागे ठेवून दिला. त्या खोलीत कोण बघायला येणार होतं?

तरी तिला सांगायचं होतं, असं ती म्हणते. लोकेश आला की सांगू. पण लोकेशच्या आधी शीलाआत्या आल्या.

शीलाआत्या म्हणजे टिकारामकाकांची धाकटी बहीण, रामपायलीला दिलेली. फोनवर कळताच मिळेल त्या बसने निघाल्या. लेक असल्यामुळे त्यांना त्या खोलीत जाता येत नाही, पण त्या खोलीचे सगळे नेम त्यांच्याच तोंडी. उंबऱ्याशी उभ्या राहून काळी भिंत बघितली, नमस्कार केला, आणि वळून दीपिकाला म्हणाल्या, "अंडे आणत होती न घरात?"

"नाही आत्या. बिगरअंड्याचाच करते मी."

"अन् त्या बाजारच्या पुडीत काय रायते, तुले माहीत हाय? देवाच्या डोक्यावर आग उगीच लागत नाही, पोरी. दुसरी खोली नव्हती का आगीले?"

दीपिकाने काकीकडे पाहिलं. बोर्डाचं, तारांचं जे काही होतं ते या घरात काकीलाच कळत होतं. काकी म्हणाली असती की हे बिजलीचं आहे, तर आत्यांनाही ऐकावं लागलं असतं.

काकी चूप राहिली.

लोकेश आला, त्यालाही आत्यांनी हेच सांगितलं. तो देवभोळा नाही, पण घाबरलेला होता. बायकोचा भाजलेला हात, आईचा काळा झालेला चेहरा. "यार, जाऊ दे न," तो दीपिकाला म्हणाला. "देव म्हण, लोड म्हण, हुआ तो उसी से न? ठेवून दे काही दिवस." त्याने ओव्हन जुन्या चादरीत बांधला आणि छताखालच्या पाटईवर चढवला. दीपिकाने डाव्या हाताने पदर तोंडाला लावला. उजव्या हाताला मलम होतं.

गल्लीत ही गोष्ट वाऱ्यासारखी फिरली. अंड्याच्या केकाने देव कोपले. मीही नळावर ऐकलं आणि मान डोलावली. भरवेलीच्या बाईने पुढचा केक दुसरीकडे सांगितला. कुणी तरी दीपिकाला तोंडावर विचारलं, "का व, आमच्या घरच्या वाढदिवसाले दिलता त्यात बी होतं का काही?"

काकी हे सगळं ऐकत होती. तिने मला जे सांगितलं त्यात मला सर्वांत जड वाटलं ते हे. ती म्हणाली, "सुनेवर आळ आला तो तर आलाच. पण म्या देवावर बी आळ घेऊ देल्ला. त्यानं काय केलं होतं व? तो तर चूपचाप बसला होता आपल्या पाटावर."

ती रोज संध्याकाळी त्या खोलीत दिवा लावायला जायची. पूर्वी आरती म्हणायची, पुढच्या खोलीत ऐकू यायची. आता दिवा टेकवायची आणि बाहेर यायची. कलशामागे बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिकडेच जायची. एकदा दीपिका म्हणाली, "आई, आरती म्हणत नाही काहून?" काकी म्हणाली, "गळा बसला." दीपिकाने त्या रात्री हळद-दूध करून दिलं. डाव्या हाताने पेला धरून आणला. काकीने पेला तसाच झाकून ठेवला.

गल्लीत कुणी फ्यूज बांधायला बोलावलं की ती आता म्हणायची, "हात कापते माझे. दुसऱ्याले पाहा." लोकांना वाटलं, आगीचं भय बसलं.

घर तोवर मीटरवरून ओढलेल्या एका तात्पुरत्या वायरीवर चाललं होतं. लोकेशने ठरवलं की पूर्ण वायरिंगच नवी करायची आणि बोर्ड देवाच्या खोलीतून काढून ओसरीत आणायचा. भोजराज नावाचा बिजलीवाला ठरला. उद्या येतो म्हणायचा आणि चार दिवसांनी यायचा. आला की एका कानात फोनची वायर, कुणाशी तरी बोलणं चालू, आणि तेवढ्यातच काम. बोलणं फोनवरच्याशी आहे की आपल्याशी हे कळायचं नाही. काकीला तो माजी, म्हणजे आई, म्हणायचा.

"हौ, हौ, येऊन राह्यलो न बे... माजी, जुना बोर्ड कोण काढन? मी आत येऊ?"

"नाही, तुम्ही उंबऱ्यावरून सांगा," लोकेश म्हणाला. "आई काढते."

भोजराजने बाहेरून, मीटरपासूनच लाईन तोडली. मग उंबऱ्याशी उकिडवा बसून मोबाइलचा उजेड आत मारला. काकी पाटावर चढली. एक फ्यूज काढून मागे दिला, मग तिसरा. स्क्रू सोडले. मेन स्विच उतरवला.

"मधातला कुठी हाय, माजी?"

"जळला."

"पूरा?" भोजराज हसला. "चिनी माती बी जळते का कुठी! जळून राख झाली म्हणता?"

कलश तिच्या पायांपासून हातभरावर होता. भोजराजचा फोन वाजला आणि तो उठून गेला. "त्या घडीले बी सांगता आलं असतं," ती मला म्हणाली. "पण फोन वाजला, अन् मले वाटलं, देवानंच वाचवलं. पाहा, पुन्हा त्याच्याच डोक्यावर घातलं म्या."

काम पुढे सरकलं. भिंतीतून पाइप गेले, खोल्याखोल्यांना वेगळी लाईन आली, ओव्हनसाठी वेगळी जाड लाईन टाकू का असं भोजराजने विचारलं तेव्हा लोकेश "टाकून ठेव" म्हणाला आणि दीपिका तिथून उठून गेली. अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला. त्यात भोजराजने कोळसा आणि खडेमीठ थरावर थर घातलं, पाणी ओतलं. काकी तुळशीजवळ उभी राहून बघत होती.

"हे काहून?"

"करंट कुठी चुकला, त जमिनीत जाते, माजी. माणसाच्या अंगात नाही जात."

"अस्सं," काकी म्हणाली. बराच वेळ तिथेच उभी राहिली.

ओसरीत नवा पेटीसारखा बोर्ड बसला. पांढरा, आत खटक्यांची ओळ. लोड जास्त झाला की खटका आपोआप खाली पडतो, वर केला की पुन्हा लाईट. तार बांधायची भानगडच नाही. चालू करायच्या दिवशी पूजा करायची ठरलं आणि शीलाआत्या पुन्हा आल्या. मला नारळ आणि फुलं घेऊन बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

बोर्डाखाली पाट मांडला. ताटात हळद, कुंकू, अक्षता. काकीने पेटीवर हळदीकुंकवाचं बोट लावलं. आत्यांनी नारळ उचलून दीपिकाच्या हातात दिला.

"हे घे. म्हण, देवा, माझं चुकलं, आता माफ कर. अन् त्या भट्टीचं नाव सोडलं म्हण. मग फोड."

दीपिकाच्या हातावर नवी गुलाबी कातडी आली होती. तिने नारळ दोन्ही हातांनी धरला.

"म्हण न व. वेळ जाऊन राह्यली."

"म्हणते आत्या. पण काय चुकलं ते एकदा सांगा. मी अंडं आणलं नाही. आग लागली तवा देव बाहेर म्या काढले. काय चुकलं म्हणू?"

"पाहा! असं तोंड हाय, म्हणूनच—"

"दीपिका, म्हण ना यार," लोकेश म्हणाला. "एक शब्द आहे फक्त."

दीपिकाने मान खाली घातली. "देवा, माझं—"

काकी वळली आणि आत गेली. आम्हाला वाटलं अगरबत्ती आणायला गेली. परत आली तेव्हा पदराची मूठ घट्ट होती. तिने ती ताटावर उघडली. काळा फ्यूज हळदीवर पडला आणि हळद उडून कुंकवात मिसळली.

"चुकलं ते हे हाय," ती म्हणाली. "अन् माझं हाय."

"हे काय व्होय, वहिनी?" आत्या मागे सरकल्या.

"मधातला फ्यूज. याच्यात म्या मोटारीची जाड तार बांधली होती. तिच्या केकासाठी. हा उडाला असता, त आग लागली नसती. म्या त्याले उडूच देल्लं नाही."

"तरीच म्हटलं माजी, चिनी माती जळते कशी!" भोजराज स्टुलावरून हसला. बाकी कुणीच हसत नाही हे बघून पेचकस घेऊन भिंतीकडे वळला.

"आई," लोकेश म्हणाला. "तुले माहीत होतं? त्याच दिवशी?"

"हौ."

"अन् तू चूप राह्यली?"

"हौ."

आत्यांना ते पटलं नाही. "वहिनी, तुम्ही सुनेची बाजू घेऊन राह्यल्या. देव कोपला म्हणूनच तुमच्या हातून तशी तार बांधली गेली."

"नाही, बाई. देवाले आता यातून सोडा," काकी म्हणाली. "त्याचं नाव लय दिवस वापरलं म्या."

दीपिकाने तो फ्यूज उचलला, उलटासुलटा करून पाहिला, तार नखाने दाबून बघितली. मग फ्यूज ताटात ठेवला, नारळ न फोडताच त्याच्या बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने भांडी घासल्याचा आवाज यायला लागला.

नारळ काकीनेच फोडला. भोजराजने खटके वर केले. सगळ्या खोल्यांत दिवे लागले, देवाच्या खोलीतही. कुणी "छान झालं" म्हटलं नाही.

त्यानंतर दीपिका काकीशी कामापुरतं बोलू लागली. "जेवाले वाढलं." "दूधवाला आला." मधून आई हा शब्द गेला. लोकेशने ओव्हन उतरवायला पाटईला शिडी लावली तर म्हणाली, "राहू दे. कोणाले देऊ करून? गल्लीत तर अजून देवच कोपला हाय."

खरं होतं ते. ओसरीत जे झालं ते चार माणसांनी ऐकलं होतं. देव कोपल्याचं सगळ्या गल्लीने.

दुसऱ्या दिवशी काकी काली पुतली चौकातल्या दुकानातून बारीक फ्यूज-तारेचं कार्ड घेऊन आली. प्लास्टिकची चप्पल घातली आणि पहिल्या घराची कडी वाजवली.

"म्या तुमच्या बोर्डात जाड तार बांधली होती. काढाले आली."

"असू द्या न काकी, चांगली चालू हाय."

"चालूच राह्यते ती. तेच तर वाईट. आमच्या घरची आग त्यानंच लागली. अंडं नव्हतं काही. पोरीनं काही केलं नव्हतं. म्या केलं होतं."

प्रत्येक घरी स्टुलावर चढून तिला हे सगळं म्हणावं लागत होतं, कारण त्याशिवाय कुणी बोर्डाला हात लावू देईना. कुणी हळहळलं. कुणी म्हणालं, "एवढ्या दिवसांनी सांगता?" एका घरी तर म्हणाले, आता मिस्त्रीच बोलावू, तुम्ही उतरा. ती उतरली आणि पुढच्या घरी गेली. माझ्याकडे आली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. फ्यूज काढून हातात धरला आणि आधीचं सगळं, भरवेलीच्या केकापासून, स्टुलावर उभ्या उभ्याच सांगितलं. मी खाली बसा म्हटलं तरी बसली नाही. चहाही नाही घेतला. मला नळावरची माझी मान आठवली आणि मी तिच्याकडे वर बघू शकले नाही.

आमच्या बोर्डापाशी अंधार होता. तिला स्क्रूची फट दिसत नव्हती, पेचकस घडीघडी घसरत होता. तेवढ्यात दारातून मोबाइलचा उजेड आत आला. दीपिका होती.

तिने उजेड बोर्डावर धरला. "इथं बी जाड हाय?"

"हौ."

"अजून किती घरं राह्यले?"

"दोन."

"मग सरका इकडे. सावली पडून राह्यली तुमची."

दोघी मिळून तार काढून, नवी बांधून पुढच्या घरी गेल्या. दीपिका एक पाऊल पुढे होती.

मग मीच एक ऑर्डर दिली, माझ्या भाच्याच्या वाढदिवसाची. ओव्हन पाटईवरून उतरला. केक घ्यायला गेले तेव्हा काकी मोढ्यावर नव्हती, दाराशी भिंतीला टेकून उभी होती. चप्पल खिळ्याला टांगलेली. केक भट्टीत असतानाच स्वयंपाकघर अंधारलं. लोकेश चटकन देवाच्या खोलीकडे बघू लागला. काकीचा हात खिळ्याकडे गेला.

दीपिका ओसरीत गेली. इस्त्री बंद केली, खटका वर केला. पंखा फिरायला लागला.

"काही नाही," ती आत येत म्हणाली. "इस्त्री बी त्याच लाईनीवर लावली म्या. लोड झाला."

केक फुगला. कडेचा एक तुकडा कापून तिने वाटीत घेतला आणि देवाच्या खोलीकडे निघाली. उंबऱ्याशी थांबून मागे वळून म्हणाली, "चला, आई. तुम्ही ठेवा."

ती पुन्हा आई म्हणाली, हे मी ऐकलं. काकीनेही ऐकलं असणार. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि शीलाआत्या उभ्या राहतात तिथेच थांबली.

"तूच ठेव. माझ्या पायात चप्पल हाय."

दीपिकाने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग खिळ्याला टांगलेल्या चपलेकडे पाहिलं. आत गेली, वाटी देवांपुढे ठेवली आणि दिव्याची वात थोडी वर सारली.